जज कोणी नेमला, एवढ्यावर थांबू नका

मंडळी, नमस्कार. कोर्टाचा कुठलाही निकाल आला की आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, जज कोणाचा, ट्रम्पचा की बायडनचा? प्रश्न चुकीचा नाहीये, इथे अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) जज प्रेसिडेंट निवडतो, सिनेट मंजुरी देते आणि मग तो तहहयात, त्यामुळे पक्ष बघूनच नेमणुका होतात हे उघड आहे. पण तेवढ्यावर थांबलं की बरंच काही निसटतं.

१९५२ चं बघा ना. कोरियाचं युद्ध चालू, स्टील कामगारांचा संप तोंडावर, आणि प्रेसिडेंट ट्रुमनने सरळ स्टील मिल्सच सरकारच्या ताब्यात घेतल्या. सुप्रीम कोर्टातले नऊच्या नऊ जज रूझवेल्ट नाहीतर ट्रुमननेच नेमलेले, तरी निकाल ६-३ त्याच्या विरोधात गेला, आणि त्या सहांत होते टॉम क्लार्क, म्हणजे ट्रुमनचाच आधीचा ॲटर्नी जनरल! १९७४ मध्ये प्रेसिडेंट निक्सनने वॉटरगेट प्रकरणातल्या आपल्या संभाषणांच्या टेप्स कोर्टाला द्यायलाच हव्यात, हा निकाल ८-० लागला, तो लिहिला निक्सननेच नेमलेल्या चीफ जस्टिस बर्गर यांनी, आणि १६ दिवसांत निक्सनला खुर्ची सोडावी लागली.

आणि मग १ जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. प्रेसिडेंटने पदावर असताना केलेल्या ऑफिशियल कामांना फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण मिळालं, ६-३, नेमणाऱ्याच्या पक्षाप्रमाणे जज सरळ दोन बाजूंना. मला हा निकाल घातक वाटतो, बर्गर यांच्या कोर्टाने जो बांध घातला होता तो इथे फुटला.

आता आपल्या घरातलाच विषय. ट्रम्पची २० जानेवारी २०२५ ची ऑर्डर लागू झाली असती तर आई-बाबा दोघं एच-१बी, एच-४ वर (म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर नाहीतर त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या आपल्या बाळांना जन्माने मिळणारी सिटिझनशिप गेली असती, जी इथे जन्मलेल्यांना १८९८ च्या वाँग किम आर्क केसपासून मिळत आलीय. तिसऱ्याच दिवशी सिॲटलच्या जज कूनॉर यांनी ती उघड उघड घटनाबाह्य म्हणून अडवली, त्यांना नेमलं होतं रेगनने. जूनमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की खालच्या जजला असा देशभरचा स्टे देता येत नाही, ऑर्डर कायदेशीर की नाही ह्यावर मात्र बोललंच नाही, मग दोन आठवड्यांच्या आत न्यू हॅम्पशायरच्या जज लाप्लांट यांनी सगळ्या बाळांचा एकच क्लास (म्हणजे एकत्र दाव्यातला गट) धरून ती पुन्हा थांबवली, आणि ते धाकट्या बुशने नेमलेले.

कूनॉर यांची ती पहिली ऑर्डर जेमतेम काही पानांची आहे. मंडळातली लॉ करणारी मुलं पुढच्या महिन्यात ती मराठीत समजावून सांगणार असतील तर हॉलची सोय मी करतो.