पंधरा मागण्यांचा कागद

२ डिसेंबर १९६८. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेज. विद्यार्थ्यांचा संप सुरू आहे. हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा संपकऱ्यांच्या गाडीवर चढतात आणि लाउडस्पीकरच्या वायरी उपटून टाकतात. हे दृश्य देशभर गाजलं. विद्यार्थी लढत होते ते मात्र एका कागदाच्या जोरावर.

त्या कागदावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या दहा आणि इतर गौरेतर विद्यार्थी संघटनांच्या थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या आघाडीच्या पाच मागण्या होत्या. ‘आम्हाला सन्मान द्या’ अशी मोघम भाषा त्यात नव्हती. पदवी देणारा ब्लॅक स्टडीज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाचा विभाग हवा. त्यात वीस पूर्णवेळ पदं हवीत. शिक्षक नेमायचा अधिकार फक्त विभागाकडे हवा.

हा शेवटचा मुद्दा नीट पाहायला हवा. ज्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्याच पक्षाचे शिक्षणमंत्री जॉर्ज मरे इथे इंग्रजी शिकवत. वरून आदेश आला आणि १ नोव्हेंबरला ते निलंबित झाले. सहा तारखेला संप सुरू झाला. नेमणूक कोणाच्या हाती, यावर विभागाचं अस्तित्वच अवलंबून होतं.

प्रवेशाचंही तसंच. कॅलिफोर्निया राज्याच्या १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यानुसार शाळांतल्या वरच्या एक तृतीयांश मुलांनाच स्टेट कॉलेजची दारं उघडी होती. उपेक्षित वस्त्यांमधल्या शाळांची मुलं तिथेच गळायची. त्यांच्यासाठी सवलतीच्या थोड्या जागा होत्या, पण त्याही पूर्ण भरल्या जात नव्हत्या. म्हणून मागणी होती: रिकाम्या जागा पुढच्याच सत्रात भरा.

अभ्यासक्रमाची तयारी आधीच झाली होती. १९६६ पासून विद्यार्थ्यांनी चालवलेल्या प्रायोगिक कॉलेजात ब्लॅक स्टडीजचे वर्ग भरत होते, त्यामुळे ‘शिकवणार काय?’ या प्रश्नाला उत्तर होतं.

जानेवारी १९६९ मध्ये शिक्षकही संपात उतरले. पण २३ जानेवारीला बंदी मोडून भरलेल्या सभेला पोलिसांनी वेढा घातला आणि चारशेहून अधिक जणांना धरलं. त्यानंतर जामीन, वकील आणि तारखांमध्येच संपाची ताकद खर्ची पडू लागली.

मार्चमध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी ब्लॅक स्टडीज विभाग आणि एथ्निक स्टडीजची, म्हणजे गौरेतर समूहांच्या अभ्यासाची देशातली पहिली स्वतंत्र शाखा उभी राहिली. पण मरे परतले नाहीत. विभागाची आखणी करणारे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांनाही कॉलेजनं ठेवलं नाही.

२०१६ मध्ये याच शाखेच्या पैशांसाठी चार विद्यार्थी दहा दिवस उपोषणाला बसले. २०२० मध्ये कायदा झाला. आता हे कॉलेज ज्याचा भाग आहे त्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत पदवी घ्यायची, तर एथ्निक स्टडीजचा किमान एक विषय शिकावाच लागतो.