आजी, आज काय करू?

(दृश्य : पूर ओसरलेली गल्ली. भिंतीवर पाण्याची रेघ. दारात फावडं, घमेलं, खराटा.)

पूर ओसरला, की पहिले दोन दिवस हाताशी असतात. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं निघतो. वाळला, की फरशीला घट्ट धरतो. कोल्हापूरकरांना हे सांगावं लागत नाही. २००५, २०१९, २०२१ असे महापूर या शहरानं सोसलेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सणाच्या तोंडावर, तयार गणपती भिजून वाया गेले.

गमबूट घालून या गल्लीत शिरणारी मुलं एका ख्रिस्ती कॉलेजची आहेत. गमबूट हौसेचे नाहीत. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टोचा ताप येऊ शकतो.

दारात एक आजी उभ्या आहेत. त्यांना हे पटत नाही.

"तुम्ही कशाला घाणीत हात घालताय? शिकणारी पोरं तुम्ही."

"आजी, मी आलो ते कामालाच. आधी काय काढू सांगा, चूल की कपाट?"

त्या जरा वेळ बघत राहतात. मग म्हणतात, "देवघर."

(दृश्य : कॉलेजातली सकाळची प्रार्थना.)

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. ही गोष्ट या मुलांनी लहानपणापासून ऐकलेली. पण तिच्यात पेत्र हा शिष्य आधी 'नको' म्हणतो, तिकडं सहसा लक्ष जात नाही. दुसऱ्याकडून काम करून घेणं माणसाला जड जातं. त्या आजींना गेलं, तसंच. म्हणून इथं एक पद्धत पडलीय : घरात पाऊल टाकायच्या आधी विचारायचं. देव हिंदूंचे असोत नाहीतर भिंतीवर क्रूस असो, घरधनीण सांगेल तो कोपरा आधी.

ख्रिस्ती लोकांचं या शहराशी असलेलं नातं जुनं आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, मिशनच्या शाळा निघाल्या. पुढं शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही एक होतं. ज्या गावानं शिकायला खोली दिली, त्या गावात ही मुलं गाळ उपसताहेत. मला हे पाहताना भरून येतं.

पूर रोज येत नाही, कामं मात्र रोजची आहेत. गणपतीत घाटावर निर्माल्य गोळा करणं. रक्तदान : वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो हवं. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, तर आहेच; १९६९ पासून देशभर चालू आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय खेड्यात सात दिवसांचं शिबिर. ग्रेस मार्कांसाठी नाव घालणारी मुलंही असतात. येऊ देत. शिबिरात एकदा चर खणला, की पुढच्या वर्षी त्यातली काही आपणहून येतात.

फळं वाटून फोटो काढून परतणं मात्र थांबायला हवं. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसाला केळं नको असतं, औषधाच्या रांगेत उभं राहणारं कुणी हवं असतं.

(दृश्य : परीक्षेचा हॉल. एक अंध परीक्षार्थी, शेजारी लेखनिक.)

मला विचाराल, तर सगळ्यात अवघड काम हे. अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहून द्यायचा. तीन तासांच्या पेपराला त्याला निदान एक तास जास्त मिळतो. लेखनिकानं फक्त तो सांगेल ते उतरवायचं. उत्तर चुकतंय असं दिसलं, तरी पेन थांबवायचं नाही, सुचवायचं नाही. अभ्यासात हुशार मुलांना हे फार जड जातं. हात शिवशिवतात.

चौथा तास संपत आलाय.

"शेवटची ओळ परत वाच की."

ती वाचते. तो थोडा थांबतो, एक शब्द बदलायला सांगतो. ती जुना शब्द खोडते आणि त्याचा नवा शब्द लिहिते.