हळद सगळ्यांची, कंपनी कुणाची?

(दृश्य : कुकर, वाफ, वाळवण, पॉलिशचा ड्रम)

वसमत तालुका, जिल्हा हिंगोली. कुकरचं झाकण उघडलं की वाफेत माणसं दिसेनाशी होतात. शिजलेली हळद उन्हात पसरायची, उलटीपालटी करायची, मग ड्रममध्ये घासायची. साल झडते आणि हळकुंडाला हा रंग येतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण पावडर करून पाकिटावर नाव कुणाचं छापायचं?

(दृश्य : समाजमंदिरातली बैठक)

हळद दळायची गिरणी कुणाच्या नावावर घ्यायची, यावर बैठक आहे. एकाच्याच नावावर घेतली तर काम झटपट होतं. बाकीचे मात्र नुसते माल घालणारे राहतात. दुसरा मार्ग भागीदारीचा, तिचा कायदा १९३२ चा. धंदा बुडाला, तर बँक कोणत्याही एका भागीदाराच्या जमिनीपर्यंत येऊ शकते. हे ऐकून मागच्या रांगेत झालेली चुळबूळ तुम्ही पाहताच आहात.

सहकारी संस्था म्हटलं की इथे आधी बंद पडलेला कारखाना आठवतो. १९६० च्या सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे, पण संचालक मंडळ बरखास्त करण्याचा अधिकार निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या सरकारी अधिकाऱ्याकडे असतो. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये मताचं वजन शेअरवर. म्हणजे ज्याचा पैसा जास्त, त्याची हळद पुढे.

उरली शेतकरी उत्पादक कंपनी. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीनंतर, २००२ च्या दुरुस्तीने ती कंपनी कायद्यात आली. किमान दहा उत्पादक लागतात, संचालक पाच ते पंधरा. शेअर कितीही असोत, मत एकच. तोटा झाला तर जबाबदारी शेअरच्या रकमेपुरती. बाहेरचा व्यापारी शेअर विकत घेऊन आत घुसू शकत नाही. आमच्या मते हीच खरी गोम आहे. बाहेरचं भांडवलही त्यामुळेच येत नाही, तेही खरं.

(दृश्य : टेबलावर कागद, मोबाइलसमोर आजोबा)

सातबारा, आधार, पॅन, फोटो. कार्यालयाच्या जागेचं लाइट बिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र. संचालकांना डिजिटल सही लागते, म्हणून आजोबा मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून स्वतःचं नाव सांगताहेत. नातू फोन धरून, “आजोबा, हलू नका.” कंपनीच्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ लावावंच लागतं. त्याच्या आधी काय, गावाचं नाव की देवीचं, यावर अख्खी संध्याकाळ गेली. मग उद्देशपत्रिका, नियमावली आणि सगळ्यांच्या सह्या. अर्ज ऑनलाइन जातो, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं, तर दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क. सलग तीन वर्षं भरलंच नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र.

पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. गावातलीच बी.कॉम. झालेली मुलगी तयार आहे. पगारावर अजून एकमत झालेलं नाही.