वेचलेला दगड आणि मोजलेली शीर

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, जंगलाने झाकलेल्या डोंगरात सोन्याचांदीची एखादी लहान शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेला खनिजाचा पट्टा, सापडली, तर तिची खाण होऊ शकेल की नाही हे कसे ठरवावे, असा आजचा जाहीर विषय आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्या, कारण ती शांतपणे ऐकून घेणारे श्रोते क्वचितच लाभतात. नव्या शोधाची चर्चा निघाली, की टेबलावर गारगोटीचा एक देखणा तुकडा येतो आणि त्याच्या पाठोपाठ प्रयोगशाळेचा आकडा येतो: टनाला ४० ग्रॅम सोने. आकडा खराच असतो. मात्र तो त्या तुकड्याचा असतो, डोंगराचा नव्हे. तुकडा उचलणाऱ्याने आजूबाजूचे फिके दगड पाहून जागच्या जागी सोडून दिलेले असतात, आणि त्यांचा आकडा कोणी विचारत नाही.

निवडणारा डोळा कसा फसवतो, याचे माझे आवडते उदाहरण १८५९ सालचे, आज अमेरिकेतील नेवाडा राज्यात मोडणाऱ्या डोंगरांतले आहे. तिथे माती धुऊन सोने काढणाऱ्यांना एका जड, निळसर काळ्या मातीचा भयंकर उपद्रव होई. ती धुण्याच्या पेट्यांत अडकून बसे, म्हणून लोक शिव्या देत ती बाजूला फेकत. अखेर त्यातला थोडा माल सिएरा नेवाडा पर्वतरांग ओलांडून कॅलिफोर्नियात गेला, तिथे त्याचा कस काढण्यात आला, आणि त्यातल्या चांदीचे मोल सोन्याच्या कित्येक पट भरले. ज्या हेन्री कॉमस्टॉकचे नाव त्या शिरेला मिळाले, तो मूळ शोधकही नव्हता. जागा आपलीच आहे असे ठासून सांगत तो भागीदार झाला आणि लवकरच आपला वाटा किरकोळ किमतीत विकून मोकळा झाला. त्याची शीर गेली, नाव तेवढे राहिले. आपल्यापैकी काहींना हा सौदाही वाईट वाटणार नाही.

त्या लोकांना दोष देता येत नाही. खडकातली चांदी बहुधा गंधकाशी संयोग पावलेली, काजळीसारखी काळी असते, आणि जे चकाकते ते पुष्कळदा पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे पिवळे खनिज, निघते, जे हातोड्याखाली चुरा होते. सोने मात्र चेपले जाते. म्हणून नमुना डोळ्याने निवडू नये. शिरेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सारख्या खोलीची खाच कोरावी, तिच्यातला सगळा चुरा गोळा करावा, दोन्ही बाजूंच्या रित्या वाटणाऱ्या खडकाचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरावेत, आणि ठरावीक अंतरावर हेच पुन्हा करावे. काम कंटाळवाणे आहे; त्याचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता धावतच सांगतो. समजा शीर ३० सेंटिमीटर रुंद, २०० मीटर लांब आणि १०० मीटर खोल आहे आणि तिच्यात टनाला सरासरी २० ग्रॅम सोने आहे. खडकाची घनता २.६, म्हणजे घनमीटरला २.६ टन, धरली, तर शिरेत १५,६०० टन खडक आणि ३१२ किलो सोने भरते. पण माणसाला आणि यंत्राला काम करायला निदान दीड मीटर रुंदी लागते असे धरा, म्हणजे ७८,००० टन खडक फोडावा लागेल आणि प्रतवारी, म्हणजे टनामागचे सोने, २० वरून ४ ग्रॅमवर उतरेल. सोने तेवढेच राहिले, खर्च मात्र पाचपट खडकाचा झाला. शिवाय दळताना आणि गाळताना काही सोने हातून जातेच.

जंगलातल्या डोंगरावर आणखी दोन अडचणी येतात. माती उतारावरून हळूहळू सरकते, त्यामुळे मातीच्या नमुन्यांत चांदी किंवा सोन्याच्या सोबतीने पुष्कळदा आढळणारे आर्सेनिक जिथे चढे दिसते, त्या जागेच्या वरच्या अंगाला चर खणावा लागतो. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांत अडकलेले धारदार दगडही तपासावेत, कारण धार बोथटली नसेल तर ते फार दूरून आलेले नसतात. दुसरी अडचण पायराइटची. ते उघड्यावर हवा आणि पाणी लागून आम्ल तयार करते, म्हणून टाकाऊ खडक कुठे रचायचा आणि खालच्या ओढ्याचे पाणी कसे राखायचे, याचा खर्च पहिल्याच हिशेबात धरला पाहिजे. वेधनाचा, म्हणजे यंत्राने खडकात खोल भोके पाडून नमुने काढण्याचा, खर्च त्यानंतर येतो.