आधीच टिक केलेली चौकट

(अमेरिकेतल्या मराठी घरमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक हात वर. तुमच्या एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, मागच्या वार्षिक सभेला स्वतः कोण कोण गेलं होतं? सात, आठ... बरं. आणि सभेच्या आदल्या रात्री ईमेलमधली लिंक दाबून ‘प्रॉक्सी पाठवली, कटकट मिटली’ असं कोण म्हणालं? हं, आता दिसतंय खरं चित्र. मला बोलायचंय ते या दुसऱ्या हातांशी.

मी वकील नाही. आमच्या एचओएच्या बोर्डावर सहा वर्षं सचिव होतो, एवढंच. त्यामुळे तुमच्या घराचा प्रश्न असेल तर तुमच्या राज्याचा कायदा आणि तुमचे बायलॉज, म्हणजे संघटनेची नियमावली, वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.

आपल्यापैकी पुष्कळांना पुण्या-मुंबईच्या सोसायटीची सभा माहीत आहे. तिथं प्रॉक्सी, म्हणजे सभेत आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवणं, हा प्रकारच नाही. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम २७ सांगतं, की सभासदानं मत स्वतः द्यायचं, प्रॉक्सीमार्फत नाही. मग गणपूर्तीचं काय? उपविधी म्हणतात, दोन तृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब, बहुधा अर्धा तासच, आणि मग जे हजर असतील त्यांच्यावर कामकाज सुरू. इकडे बहुतेक एचओए ना-नफा कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेल्या असतात. कंपनीच्या भागधारकाची प्रॉक्सी त्या वाटेनं आपल्या क्लबहाऊसपर्यंत आली. इथं कोरम, म्हणजे गणपूर्ती, झाली नाही तर बहुतेक ठिकाणी निवडणूकच होत नाही, जुनं बोर्ड तसंच पुढं चालू राहतं. सभेला न येणाऱ्यांचा प्रश्न तिकडे घड्याळानं सोडवला, इकडे कागदानं.

आता तो कागद काय असतो ते बघू. प्रॉक्सी देताना तुम्ही मत देत नाही, माणूस नेमता. ‘माझ्या वतीनं हा जाईल, याला योग्य वाटेल तसं करील.’ काही फॉर्मवर ‘फक्त कोरमसाठी’ अशी चौकट असते, काहींवर प्रत्येक ठरावापुढे तुमचा कौल आधीच लिहून देता येतो. फ्लोरिडाचा कॉन्डो, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांसाठीचा, कायदा यातला फरक नीट करतो: मोघम प्रॉक्सी वेगळी, मर्यादित प्रॉक्सी वेगळी. शिवाय प्रॉक्सी ठरावीक सभेपुरतीच आणि फार तर ९० दिवस चालते. आणि कॉन्डोच्या बोर्डाच्या निवडणुकीत तर प्रॉक्सी वापरायचीच नाही.

आमच्याकडे ती चालायची. आमची २१२ घरं, कोरम एक तृतीयांश, म्हणजे ७१. कागदी फॉर्म होता तेव्हा दोन-दोनदा सभा रद्द व्हायची. मग मॅनेजमेंट कंपनीनं ऑनलाइन फॉर्म आणला. पहिल्याच वर्षी क्लबहाऊसमध्ये माणसं १९ आणि प्रॉक्सी ५८. सत्त्याहत्तर! आम्ही टाळ्या वाजवल्या, मीही. घरी येऊन प्रॉक्सींची यादी उघडली, तर ५८ पैकी ५१ अध्यक्षांच्या नावावर. लोकांचा एवढा विश्वास? फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. ‘तुमचा प्रतिनिधी कोण?’ याखाली तीन गोल चौकटी होत्या. पहिली ‘बोर्डाचे अध्यक्ष’, आणि ती आधीच टिक केलेली. लोकांनी फोनवर अंगठा फिरवला, खाली जाऊन ‘सबमिट’ दाबलं. त्या सभेत अध्यक्ष स्वतःच उमेदवार होते. एकावन्न मतं हातात घेऊन माणूस स्वतःला निवडून देतो आणि त्यात नियमभंग काहीच नाही. अध्यक्ष लबाड नव्हते हो. त्यांनाही हे माझ्याकडूनच कळलं.

कागदावर रिकामी जागा असते, तिथं नाव लिहायला पेन उचलावं लागतं आणि पेन उचललं की माणूस क्षणभर थांबतो. पडद्यावरच्या फॉर्मला कोणीतरी आधीच उत्तर देऊन ठेवलेलं असतं. २०००च्या ई-साइन कायद्यानं इलेक्ट्रॉनिक सही केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही हे पक्कं केलं, ते चांगलंच झालं. पण सही सोपी झाली म्हणून प्रॉक्सी म्हणजे मत, असं होत नाही.

यात धोका किती, हे बघायचं तर लास व्हेगासला चला. २००३ ते २००९ या काळात लिऑन बेंझर नावाच्या ठेकेदारानं आणि त्याच्या साथीदारांनी नावापुरते खरेदीदार उभे करून कॉन्डो घेतले, आपली माणसं एचओएच्या बोर्डांवर बसवली आणि दुरुस्तीची व खटल्यांची कामं आपल्याकडे वळवली. निवडणुका जिंकायला परगावी राहणाऱ्या मालकांच्या नावानं खोट्या मतपत्रिका भरल्या. त्या कॅलिफोर्नियात नेऊन तिथल्या वेगवेगळ्या गावांहून पोस्टात टाकल्या, म्हणजे शिक्के खरे दिसावेत. बेंझरला २०१५ मध्ये पंधरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. लक्षात घ्या, चोरी झाली ती न येणाऱ्यांच्या मतांची. नेवाडात, म्हणजे लास व्हेगासच्या राज्यात, आज प्रॉक्सी वाटेल त्याला देता येत नाही. घरचा माणूस, तिथं राहणारा भाडेकरू किंवा शेजारी मालक, अशी मोजकी यादी आहे. ॲरिझोनानं तर बिल्डरचा ताबा संपल्यावर प्रॉक्सीच बंद केली आणि गैरहजरांसाठी मतपत्रिका ठेवली. मला स्वतःला ॲरिझोनाचा मार्ग पटतो.

कारण मतपत्रिका, मग ती कागदी असो की इलेक्ट्रॉनिक, तुमचाच कौल घेऊन जाते. प्रश्न उरतो गुप्ततेचा. जुनी युक्ती दोन लिफाफ्यांची: बाहेरच्यावर सही आणि पत्ता, आतला कोरा. बाहेरचा तपासून बाजूला करायचा, आतले एकत्र मिसळून मग उघडायचे. कॅलिफोर्नियात २००६ पासून हेच चालत आलंय. चांगल्या ऑनलाइन प्रणालीलाही नेमकं हेच करावं लागतं. कोण आलं ते एका वहीत, काय दिलं ते दुसऱ्या, आणि दोन्ही वह्या जोडणारा धागा कोणाकडेच नाही. विक्रेत्याला रंगीत आलेख नंतर दाखवायला सांगा. आधी विचारा, की मतदान चालू असताना कोणाला काय दिसतं. कोणी मत दिलं नाही हे दिसलं तर आठवण पाठवता येते, ठीक. पण कोण पुढे आहे हे बोर्डातल्या एकालाही दिसत असेल, तर ती निवडणूक राहिली नाही.

कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक गुप्त मतदानाला वाट दिली, पण वर्गणी किंवा खास आकारणीचा प्रश्न असेल तर ते चालत नाही. तिथं अजूनही लिफाफेच. खिशाला हात घालायचा तर कागदावर, असा काहीसा हिशेब दिसतो. त्याआधी, २०२४ पासून, बोर्डाच्या निवडणुकीत कोरम हुकला तर निदान २० दिवसांनी सभा पुन्हा भरवून २० टक्क्यांवर भागवता येतं. वाचताना मला हसू आलं. आपला अर्धा तासच की तो, जरा लांबवलेला!

बाकी गुंते आहेतच. घर एक, मत एक, पण नवरा-बायकोचे ईमेल दोन. आमच्याकडे एका घरातून दोन मतं आली, तीही विरुद्ध. प्रणालीनं पहिलं धरलं, कारण ते चार मिनिटं आधी आलं होतं. बायलॉज म्हणत होते, सहमालकांचं एकमत नसेल तर मत बाद. सॉफ्टवेअरनं बायलॉज वाचले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तोवर आम्हीही धड वाचले नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही ती टिक काढली. प्रॉक्सी ५८ वरून ३३ वर आल्या आणि कोरम अकरानं हुकला. मॅनेजमेंट कंपनीची बाई म्हणाली, ‘सांगितलं नव्हतं का मी?’ मग बायलॉजमध्ये दुरुस्ती करून इलेक्ट्रॉनिक मतपत्रिका आणायचं ठरलं. त्या दुरुस्तीलाही कोरम लागतोच. दोन शनिवार मी दारोदार हिंडलो. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, ‘यात मी तुला मत देतेय की तुला पाठवतेय?’

सहा वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.