भिंतीपलीकडचा कान

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय भलामोठा छापलाय. कादंबरीतला एकाकीपणा, आत्मचरित्रातला एकाकीपणा आणि त्यातून माणूस तगतो कसा. सगळं घेणार आहे. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी तेवढं तुमच्यापाशी राहील. एकट्या पडलेल्या माणसाचं पुस्तक हातात आलं की आपण विचारतो, याच्यात एवढं बळ आलं कुठून? मी बरीच वर्षं दुसराच प्रश्न विचारत आलोय. याचं ऐकत कोण होतं? तो ऐकणारा पहिल्या वाचनात सापडला नाही, तर मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतो.

ठाण्यात बोलायचं तर सुरुवात ठाण्याच्या जेलपासूनच करायला हवी. इथून ते इतकं जवळ आहे की रिक्षावाला भाडं नाकारेल. ही वास्तू मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. कोर्टनाक्यावरून जाताना त्या भिंतीकडे मान न वळवता मला पुढे जाताच येत नाही. पण आजची गोष्ट त्याच्याही आधीची आहे आणि मला ती फार आवडते, त्यामुळे जरा सविस्तर सांगू द्या.

साल १८१५. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला आणि दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर ठपका आला. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट एल्फिन्स्टन, हटून बसला. शेवटी बाजीरावाने त्रिंबकजीला इंग्रजांच्या हवाली केलं आणि त्याला आणलं ठाण्याच्या किल्ल्यात. खुनाचा न्यायनिवाडा आज करायचा नाहीये. माझं लक्ष पहाऱ्यावर आहे. इंग्रजांनी पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले. इथल्या कुणाला फितवता येऊ नये, हा हेतू. म्हणजे बघा, आजूबाजूला माणसंच माणसं, पण ज्याच्याशी मराठीत एक वाक्य बोलावं असं कुणी नाही. कैद्याला एकटं पाडायला भिंत कमी पडते, त्याची भाषा तोडावी लागते, हे त्या साहेबांना बरोबर कळलं होतं.

आणि तिथेच ते फसले. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याच्या पदरी एक मराठी मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, होता. साहेबाचा घोडा फिरवायला तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा, आणि जाता-येता गायचा. घोडा फिरवणारा माणूस गुणगुणतोय, त्यात संशय कसला? गोरा शिपाई ते गाणं ऐकत उभा. त्या गाण्यात सगळा बेत सांगितलेला! कलकत्त्याचा बिशप हेबर याने पुढे त्या गाण्याचा इंग्रजी अवतार आपल्या प्रवासवर्णनात दिलाय. झाडाखाली पंचावन्न घोडे उभे आहेत, माणसं मात्र चोपन्न. पंचावन्नावा स्वार आला की दख्खन पुन्हा उभी राहील, असा त्याचा भाव. १२ सप्टेंबर १८१६च्या पावसाळी संध्याकाळी पंचावन्नावा स्वार किल्ल्याबाहेर पडला. १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला, हेही सांगायला हवं.

इतिहासाची पुस्तकं हे प्रकरण ‘त्रिंबकजीचे पलायन’ म्हणून सांगतात. माझ्या लेखी हे त्या मोतद्दाराचं प्रकरण आहे. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. ज्याला कुणाशी बोलता येत नव्हतं, त्याच्यासाठी हा खिडकीखाली बोलत राहिला.

आता माझी तक्रार. आत्मचरित्राच्या मलपृष्ठावर ‘एका जिद्दीची एकाकी झुंज’ असं छापलेलं दिसलं की मला खरोखर राग येतो. हा मजकूर कुठल्याही पुस्तकाला चालतो, म्हणजे पुस्तक न वाचता लिहिता येतो. आणि तो कागदावर थांबत नाही. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत महिला दिनाला मला बोलावलं होतं. एकट्या राहणाऱ्या एका आजींचा सत्कार होता. मानपत्रात लिहिलेलं, ‘कुणावरही अवलंबून न राहता खंबीरपणे’. टाळ्या झाल्या, शाल झाली. नंतर लिफ्टपाशी आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “सर, मी रोज सकाळी दूधवाल्याशी भांडण उकरून काढते. पिशवी गळकी आहे, उशीर झाला, काहीतरी. तेवढंच दिवसभरात बोलणं होतं.” लिफ्ट आली आणि गेली, त्या बोलतच होत्या. दूधवाला बिचारा रोज भांडून घेत होता! मानपत्रात त्याचं नाव हवं होतं. कमिटीला मी हे सांगितलं, तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

आपण खंबीरपणाचं कौतुक करतो आणि आपली सुटका करून घेतो. ती खंबीर आहे ना, मग बेल वाजवायला नको. हे मला सहन होत नाही.

कुणी म्हणेल, स्वेच्छेचा एकांत असतो त्याचं काय? तुकोबांना डोंगर हवाच होता. हवा होता. पण ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरी’ या अभंगाच्या शेवटी काय आहे ते आठवा. ‘तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी.’ झाडांना सोयरी केली, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून स्वतःचेच दोन केले, एक बोलणारा आणि एक ऐकणारा.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे कादंबरी आणि आत्मचरित्र ही मुख्य गोष्ट आता झपाट्यानं घ्यावी लागणार.

डॅनियल डिफोची कादंबरी ‘रॉबिन्सन क्रूसो’, १७१९. माणूस २८ वर्षं बेटावर काढतो आणि परत येऊन आपल्याला घडाघडा हकिकत सांगतो. या कादंबरीमागे ज्याचा अनुभव होता असं मानतात, तो अलेक्झांडर सेलकर्क खरोखर चार वर्षांहून अधिक काळ बेटावर एकटा होता. १७०९ मध्ये त्याला सोडवणाऱ्या वुड्स रॉजर्सने लिहून ठेवलंय की हा करडांबरोबर, मांजरांबरोबर गायचा, नाचायचा. पण सापडला तेव्हा शब्द अर्धे अर्धे बोलत होता, समजणं कठीण. अन्न होतं, पाणी होतं, शरीर काटक झालं होतं. झिजली ती भाषा. कादंबरी इथे खोटं बोलते. तरीही डिफोला आतून ठाऊक असावं, कारण क्रूसोला त्याने एक पोपट दिला, त्याचं नाव घेऊन ‘कुठे आहेस तू?’ असं विचारणारा.

आपल्याकडे या. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पाच दिवसांत. पुस्तकाची बांधणी बघा. रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमातली मित्रमंडळी भोवती बसलीत आणि श्याम सांगतोय. कोठडीत बसलेल्या माणसानं आधी ऐकणारे जमवले आणि मग आईची आठवण काढली. आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचनं देत होते आणि ती उतरवून घेत होते हेच साने गुरुजी. ऐकणं म्हणजे काय हे ते तिथे पुरतं शिकले असणार. ‘माझी जन्मठेप’मध्ये अंदमानची कोठडी आहे. सावरकरांनी भिंतीवर कविता कोरल्या, पाठ केल्या, हे सगळे सांगतात. सुटून जाणाऱ्या सोबत्यांनी त्या पाठ करून बाहेर आणल्या, हे तितक्याच आवाजात सांगत नाहीत.

भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’, १९६३. मराठीतला सगळ्यात तुटलेला तरुण म्हणून आपण पांडुरंग सांगवीकरला ओळखतो. पण तो सुरुवात करतो कशी? नाव सांगून, वय सांगून, समोर कुणी बसलंय अशा थाटात. ज्याची जगण्यावरची इच्छा उडालीय तो माणूस ‘उदाहरणार्थ’ म्हणत ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. यावर स्वतंत्र तासभर बोलता येईल, आज नाही.

शेवटचं, आणि मला सर्वांत जवळचं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन मागे राहिल्या, नातलगांच्या भरल्या घरात. बेट नाही, कोठडी नाही. ताट वाढलेलं आहे आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत कीव आहे. मला वाटतं, एकटेपणाचा हा प्रकार सगळ्यात वाईट. मधल्या वर्षांत टिळकांची पत्रं येत राहिली, रागाची, प्रेमाची, वादाची. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले, पुस्तक आलं १९३४ ते ३६ या काळात. एवढ्या वर्षांनी लिहिताना त्या स्वतःला खंबीर वगैरे कुठेही म्हणत नाहीत. त्या हसवतात. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा विसरभोळेपणा, स्वतःची फजिती. ज्याला दुःख झाकायचंय तो असा विनोद करत नाही. समोरचा उठून जाऊ नये अशी ज्याची आतून इच्छा आहे, तो करतो. त्या पुस्तकात ऐकणारा कोण, हे मी बराच काळ टिळकांच्या पत्रांत शोधत होतो. आता वाटतं की ती जागा त्यांनी आपल्यासाठी मोकळी ठेवलीय.

घंटा झाली. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं आत्मचरित्र ‘माझे पुराण’ राहिलं, त्यांच्या पुनर्विवाहानंतर मुरुडकरांनी घातलेल्या बहिष्कारावरची माझी टिपणं तशीच राहिली. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा, मी बाहेर व्हरांड्यात आहे.