सर, पाय ठीक आहे
(नाशिकमध्ये पालक आणि प्रशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समोर पालक बरेच दिसताहेत, आणि माझ्यासारखे गळ्यात शिट्टी घालणारेही. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे पाच हजार मीटर पळायची. कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं, तेव्हापासून हरसूल-पेठकडच्या पाड्यांवरच्या मुलींना ही वाट ओळखीची झाली आहे. ही मुलगी इथे खोली घेऊन राहायची, पहाटे साडेपाचला मैदानावर हजर. एक दिवस तिसऱ्याच फेरीत थांबली. पाय दुखतोय का, मी विचारलं. ती म्हणाली, "सर, पाय ठीक आहे. मनच लागत नाही. रात्रभर जागी असते." मी म्हणालो, "नाटकं नकोत, भरती तोंडावर आलीय."

तिने पोटरी धरली असती तर मी बर्फ घेऊन धावलो असतो.

महिन्याभरात ती गावी गेली. बाहेरचं झालंय म्हणून तिला भगताकडे नेलं. पुन्हा ती पळायला आली नाही.

नेमबाज अभिनव बिंद्राचं बोलणं मी त्यानंतर ऐकलं. २००८, बीजिंग, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. आणि नैराश्याने त्याला गाठलं ते त्या सुवर्णानंतर! त्यानेच सांगितलंय हे. पालकहो, 'एकदा मेडल येऊ दे, सगळं सुरळीत होईल' असं आपण पोरांना किती वेळा सांगतो?

विराट कोहलीचं बघा. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात कसोटीच्या दहा डावांत १३४ धावा. जग संपल्यासारखं वाटत होतं आणि कुणाशी कसं बोलावं कळत नव्हतं, हे तो बोलला २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने मनःस्वास्थ्यासाठी रजा घेतली त्यानंतर. पाच वर्षं त्याने ते पोटात ठेवलं. एकाने तोंड उघडलं, तेव्हा दुसऱ्याला बोलणं सोपं गेलं.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये एका व्हॉल्टनंतर, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीनंतर, सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. हवेत आपलं शरीर कुठे आहे हेच तिला कळेनासं झालं होतं. अशा वेळी उडी मारली तर मान मोडते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदकं जिंकली, पण मी हे जपून सांगतो. ती परतली नसती तरी तिचं थांबणं योग्यच होतं.

मोठे खेळाडू बोलले की लाज कमी होते, हे मी मनापासून मानतो. पण आपल्या पोरींची भीती वेगळी आहे. सरांना कळलं तर संघातून नाव जाईल. गावात कळलं तर 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणतील, लग्न अडेल. त्या भीतीला पहिलं उत्तर आपल्याला द्यायचं आहे, मैदानावर, पहाटे साडेपाचला.

आता वजन आणि वेळेबरोबर मी झोपही वहीत लिहितो. साहित्याच्या खोलीच्या दारावर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर चिकटवलाय. सरकारी सेवा आहे, मोफत. गेल्या महिन्यात एका मुलीने झोपेच्या रकान्यात नुसती रेघ मारली. त्या दिवशी तिचा सराव मी थांबवला. आम्ही मैदानाला चालत दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या फेरीत बोलली.